पहिल्या स्विचवर गेमचा आवाज आणि मित्रांचं बोलणं एकाच हेडसेटमध्ये कसं आणायचं?

कोपरा_कॅम्पर:
तिघांचा ग्रुप आहे. एकाकडे पीएस५, एकाकडे एक्सबॉक्स सिरीज एस, माझ्याकडे पहिला निन्टेंडो स्विच. क्रॉसप्लेमुळे मॅच एकत्र लागते, पण बोलायला तिघांची मिळून एक जागा नाही. मी फोनवर डिस्कॉर्ड (ग्रुपमध्ये बोलायचं अ‍ॅप) लावतो आणि एका कानात फोन, दुसऱ्या कानात गेम असं चालवतो. त्यात पावलांचा आवाज कुठल्या बाजूने येतोय ते कळत नाही. वाय-केबलने फोन आणि स्विच दोन्ही एकाच हेडसेटला जोडले, तर दोन्ही आवाज बारीक आणि फाटके येतात. वर फोन चार्जिंगला लावला की सतत घूंऽऽ. हेडसेट एकाच ३.५ एमएम पिनचा आहे. माझ्याकडे काय जोडायचं आणि त्या दोघांकडे काय सेट करायचं?

पिंग_पहारा:
आधी गेमच्या सेटिंगमध्ये व्हॉइस चॅट आहे का बघा. फोर्टनाइटसारख्या काही गेमचं स्वतःचं व्हॉइस चॅट स्विचवरही चालतं आणि हेडसेट थेट कन्सोलच्या जॅकमध्ये लावला की काम होतं. तसं असेल तर पुढचं काहीच करू नका.

नसेल तर डिस्कॉर्डच योग्य. प्लेस्टेशनची पार्टी (कन्सोलचा स्वतःचा बोलायचा ग्रुप) आणि एक्सबॉक्सची पार्टी एकमेकांना जोडता येत नाहीत, त्यात वेळ घालवू नका. डिस्कॉर्डवर तिघांचा एक सर्व्हर (तिथे ग्रुपला हेच म्हणतात) काढा आणि त्यात एक व्हॉइस चॅनल ठेवा. पीएस५वाल्याने सेटिंग्जमध्ये युजर्स अँड अकाउंट्स, तिथून लिंक्ड सर्व्हिसेस उघडून डिस्कॉर्ड जोडायचं. एक्सबॉक्सवाल्याने फोनवरच्या डिस्कॉर्डमध्ये कनेक्शन्समधून एक्सबॉक्स जोडायचं. मग फोनवर चॅनलमध्ये शिरून आवाज कन्सोलकडे ट्रान्सफर करायचा. त्या दोघांचा हेडसेट कंट्रोलरलाच राहील, गेम आणि बोलणं दोन्ही त्यातच येईल. दोघांनी गेममधलं व्हॉइस चॅट बंद ठेवावं, नाहीतर तेच बोलणं दोनदा ऐकू येतं.

चारपट्टी:
आता स्विचची बाजू. वाय-केबल आवाज वाटायला असते, दोन आवाज एकत्र करायला नाही. हेडफोनच्या आउटपुटचा अंतर्गत रोध फार कमी असतो. दोन आउटपुट सरळ एकत्र बांधली की प्रत्येकाला समोर ३२ ओहमच्या हेडफोनसोबत दुसऱ्याचं आउटपुटही दिसतं, तेही जवळजवळ शॉर्टसारखं. म्हणून आवाज फाटतो. प्रत्येक वायरीत १०० ओहमचा रेझिस्टर टाकून हे सुधारतं, पण मग हेडफोनपर्यंत जेमतेम पाचवा हिस्सा व्होल्टेज पोहोचतं. हेडफोन आउट असलेला छोटा स्टिरिओ मिक्सर, म्हणजे दोन आवाज एकत्र करणारी डबी, घ्या, तोच खरा उपाय.

लागणारं सामान असं: तो मिक्सर, फोनसाठी एक स्प्लिटर, ज्याची पिन तीन काळ्या रेघांची आणि सॉकेट दोन, एक हेडफोनचं आणि एक माइकचं, हेडसेटसाठी याच्या उलटा अडॅप्टर, म्हणजे एक सॉकेट आणि दोन पिना, दोन्हीकडे पिन असलेल्या दोन स्टिरिओ केबल, आणि ट्रान्सफॉर्मरवाला एक ग्राउंड लूप आयसोलेटर. फोनला जॅक नसेल तर माइक चालणारा यूएसबी-सी अडॅप्टर.

जोडणी करताना एकच नियम पाळा: माइक मिक्सरमधून जात नाही. फोनच्या स्प्लिटरचं हेडफोन सॉकेट मिक्सरच्या एका इनपुटला, स्विचचा वरचा जॅक दुसऱ्या इनपुटला. डॉकमध्ये, म्हणजे टीव्हीला जोडणाऱ्या स्टँडमध्ये, असतानाही तो जॅक चालतो. मिक्सरच्या हेडफोन आउटमध्ये हेडसेट-अडॅप्टरची हेडफोन पिन, आणि त्याची माइकची पिन थेट फोनच्या स्प्लिटरमध्ये. माइक मिक्सरमधून घेतलात तर मित्रांना तुमचा सगळा गेम ऐकू जाईल.

घूं आवाज ग्राउंड लूपचा आहे, म्हणजे उपकरणांची ग्राउंड एकाहून जास्त वाटांनी जोडली गेल्याचा. चार्जर काढून बघा, लगेच थांबेल. आता आयसोलेटर कुठे लावायचा ते नीट बघा, कारण बहुतेक जण तो फोन आणि मिक्सरच्या मध्ये लावतात आणि घूं तशीच राहते. एकाच पिनच्या हेडसेटमध्ये माइक आणि स्पीकरचं ग्राउंड एकच असतं. हेडफोनच्या वायरीत आयसोलेटर टाकला तरी फोनचं ग्राउंड माइकच्या पिनेतून हेडसेटमध्ये आणि तिथून मिक्सरमध्ये पोहोचतंच. म्हणून आयसोलेटर स्विच आणि मिक्सरच्या मध्ये लावा. म्हणजे फोन, मिक्सर, हेडसेट एका बाजूला आणि कन्सोल पूर्ण वेगळा.

कोपरा_कॅम्पर:
मिक्सरला पॉवर डॉकच्या यूएसबीतून दिली तर? आणि ब्लूटूथ हेडसेटने एवढं सगळं टळणार नाही का?

चारपट्टी:
डॉकमधून अजिबात नको. यूएसबीच्या ग्राउंडमधून कन्सोल पुन्हा मिक्सरला जोडला जातो आणि आयसोलेटर असून नसल्यासारखा होतो. वेगळा चार्जर किंवा पॉवर बँक वापरा.

ब्लूटूथने टळत नाही. २०२१च्या अपडेटपासून स्विच ब्लूटूथवर आवाज पाठवतो, पण माइक घेत नाही. हेडसेट दोन उपकरणांना एकाच वेळी जोडला जाणारा असला तरी फोनवर कॉल सुरू झाला की बहुतेक हेडसेट दुसऱ्याचा आवाज थांबवतात, शिवाय कॉल मोडमध्ये सगळं मोनो होतं, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज. तुम्हाला पावलांची दिशा हवी आहे, म्हणजे वायरच.

पिंग_पहारा:
हेडसेटची वायर डॉकपर्यंत पुरणार नाही, आणि तिथे बरेच जण चारपट्टी (तीन रेघांच्या) पिनेचं लांब एक्स्टेन्शन लावतात. ते टाळा. त्यात स्पीकर आणि माइकचा परतीचा प्रवाह एकाच बारीक ग्राउंड तारेतून जातो. तार लांबली की तिचा रोध वाढतो, स्पीकरमधला आवाज माइकमध्ये गळतो आणि मित्रांना स्वतःचाच प्रतिध्वनी येतो. मिक्सर आणि फोन बसायच्या जागेजवळ ठेवा. स्विचपासून मिक्सरपर्यंतची स्टिरिओ केबल लांब असली तरी चालते, तिच्यात माइक नाही. कुणाला प्रतिध्वनी आला तर दोष त्याच्या हेडसेटमध्ये शोधू नका, बाकीच्यांनी एकेक करून म्यूट करा. ज्याच्या म्यूटने तो थांबेल त्याच्याकडे आवाज गळतोय. हेडसेटचा आवाज कमी केला की बरंचसं भागतं.

नेटची फार काळजी नको. डिस्कॉर्डच्या चॅनलचा बिटरेट मुळात ६४ केबीपीएस असतो. २० मिलिसेकंदांचं एक पॅकेट धरलं तर त्यात आवाजाचे १६० बाइट आणि हेडरचे (पत्ता वगैरे माहितीचे) साधारण ४०, सेकंदाला अशी ५० पॅकेट. म्हणजे ८० केबीपीएसच्या आसपास, तासाला ३६ एमबी, तेही एका बोलणाऱ्याचं आणि एका दिशेचं. बोलणं तुटतं ते पॅकेट उशिरा पोहोचल्यामुळे. मॅच चालू असताना गेमचं अपडेट आणि फोनचा फोटो बॅकअप थांबवा, आणि फोन ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर ठेवा.

पीएस५ किंवा एक्सबॉक्सवाल्याला स्वतःच्या कन्सोलच्या पार्टीत आवाज येत नसेल पण डिस्कॉर्डवर नीट येत असेल, तर आधी राउटरचा नॅट बघा, म्हणजे घरातली सगळी उपकरणं बाहेर एकाच पत्त्याने दाखवणारी सोय. डिस्कॉर्डचा आवाज त्या कंपनीच्या सर्व्हर मशीनमार्गे जातो, म्हणून तिथे नॅट सहसा आड येत नाही. राउटरचा बाहेरचा आयपी १००.६४ ते १००.१२७ मधला दिसला तर पोर्ट उघडून काही होणार नाही, कारण खरा नॅट इंटरनेट कंपनीच्या बाजूला आहे. तेव्हा कंपनीकडे पब्लिक आयपी मागावा लागतो.