मदत हवी आहे: सापडलेली सोन्याची बांगडी पोलिसांत दिली, पुढे काय होतं?

नमस्कार मंडळी,

आईला रेल्वे स्टेशनबाहेरच्या जिन्यापाशी सोन्याची बांगडी सापडली. (वजन आणि नक्षी मुद्दाम लिहीत नाही. खरी मालकीण आलीच तर ते तिने सांगायचं.) फुलवाल्या, रिक्षावाले, सगळ्यांना विचारलं, पत्ता लागेना, म्हणून चौकीत नेऊन दिली. तिथल्या हवालदारांनी एका वहीत काहीतरी लिहिलं, आईची सही घेतली. पोहोच मागितली तर "ताई, विश्वास ठेवा, काही असेल तर फोन करू."

फोन काही आला नाही. आईला घोर लागलाय की बांगडी त्या बाईपर्यंत पोचली की कपाटातच पडून आहे. बाबांचा प्रश्न वेगळा: कोणीच आलं नाही तर ती आपल्याला मिळते का? (बाबा व्यवहारी आहेत.) आम्ही ठाणे शहरात राहतो. जाणकारांनी सांगावं.

काळा कोट:
बाबांना सांगा, नाही मिळत. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम ८२ ते ८७ वाचा. बेवारस वस्तू ताब्यात घेणं हे पोलिसाचं कर्तव्यच आहे. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत, म्हणजे तुमच्याकडे, ती पोलीस आयुक्तांकडे जाते. मग जाहीरनामा काढून हक्क सांगायला सहा महिन्यांची मुदत देतात. नाशवंत माल किंवा जनावर असेल तर तेवढं थांबत नाहीत, लगेच लिलाव. मुदतीत कोणी आलं नाही तर वस्तू सरकारजमा. ज्याला सापडली त्याचा वाटा कुठेच नाही. बक्षिसाचा हक्कही मालकाने ते आधी जाहीर केलं असेल तरच (भारतीय करार कायदा १८७२, कलम १६८).

आणि हे सहा महिने जाहीरनाम्यापासून मोजायचे, तुम्ही बांगडी दिलीत त्या दिवसापासून नाही. जाहीरनामाच निघाला नाही तर मुदत सुरूच होत नाही. खरी गोम इथे आहे.

उनाड:
म्हणजे गपचूप ठेवून घेतली असती तर बरं झालं असतं :)

काळा कोट:
उनाडराव, मालकाचा शोध न घेता खिशात घातली तर भारतीय न्याय संहिता कलम ३१४, अप्रामाणिकपणे केलेला अपहार. सहा महिने ते दोन वर्षं कैद आणि दंड. तेवढ्या काळात बांगडी घालायला मिळणार नाही.

तोक्योकर:
इथे जपानात तीन महिन्यांत मालक आला नाही तर वस्तू सहसा ज्याला सापडली त्याची होते. मालक आला तर किमतीच्या ५ ते २० टक्के बक्षीस मागता येतं. पण त्यासाठी ती सात दिवसांच्या आत पोलिसांकडे द्यावी लागते. मोबाईल आणि ओळखपत्रं मात्र कधीच मिळत नाहीत. बाबांना इकडे पाठवा!

धागाकर्ती:
बाबांना वाचून दाखवलं, पासपोर्ट शोधतायत. पण आता नेमकं करू काय? परत चौकीत गेले तर तेच ऐकवतील.

माजी मुद्देमाल कारकून:
ताई, चौकीत जाऊ नका, चौकी ज्या पोलीस ठाण्याखाली येते तिथे जा. ठाणे अंमलदाराला (तिथे ड्युटीवर असलेल्या पोलिसाला) दोनच गोष्टी विचारा: स्टेशन डायरीला (पोलीस ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीत) नोंद झाली का, आणि मुद्देमाल रजिस्टरला (जमा वस्तूंच्या नोंदवहीत) कोणत्या क्रमांकावर जमा आहे. चौकीतली वही म्हणजे स्टेशन डायरी नव्हे. रीतसर जमा सोनं पंचांसमक्ष वजन करून सीलबंद ठेवतात, त्याला क्रमांक असतोच. सोबत वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावे अर्ज न्या, दोन प्रती, एकीवर आवक शिक्का मारून घ्या. तीच तुमची पोहोच.

दुसरं, स्टेशनबाहेर सापडली म्हणता. ती बाई लोकलमधून उतरली असेल तर तक्रार लोहमार्ग पोलिसांकडे (म्हणजे रेल्वे पोलिसांकडे) दिली असणार. त्यांची हद्द वेगळी, ठाणं वेगळं. एकाकडे बांगडी, दुसरीकडे तक्रार, आणि दोघांची गाठ पडत नाही, असं मी बऱ्याचदा पाहिलंय. तिथे स्वतः जाऊन विचारा, पण वर्णन तुम्ही आधी सांगू नका.

काळा कोट:
अर्जाला उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात विचारा, जाहीरनामा कधी काढला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक.

धागाकर्ती:
लोहमार्गचं डोक्यातच आलं नव्हतं, आधी तिथेच जाते. अर्ज आईच्या नावाने करू की माझ्या?

माजी मुद्देमाल कारकून:
आईच्या. वहीत सही त्यांची आहे.