पावाला 'पाव' का म्हणतात?

मृण्मयी_क
काल लेकीने चहात पाव बुडवता बुडवता विचारलं, आई याला पाव का म्हणतात, पाव किलोचा असतो म्हणून का? मला काही सांगताच येईना. आमची आजी म्हणायची की बेकरीत पीठ पायाने तुडवतात म्हणून तो पाव, आणि त्यापायी ती शेवटपर्यंत पावाला शिवली नाही. लेकीला चुकीचं सांगायचं नाहीये, कुणाला नक्की माहीत असेल तर जरा सविस्तर सांगा ना.

सागरगोटा
ताई, शब्द पोर्तुगीज आहे. त्यांच्याकडे ब्रेडला जो शब्द आहे त्याचा उच्चार जवळजवळ 'पांव' असा होतो, शेवट नाकातून. 1510 मध्ये त्यांनी गोवा घेतलं, 1534 मध्ये वसई, आणि आंबवून भट्टीत भाजायची ही पद्धत त्यांच्यासोबत इथे रुजली. गोव्यात पीठ आंबवायला माडाची सूर, म्हणजे माडी, घालायचे. पाव विकणाऱ्याला तिथे पोदेर म्हणतात, तोही पोर्तुगीजच, सकाळी सायकलवर टोपली बांधून भोंगा वाजवत येतो तो.

अभंग७
पण पाव म्हणजे चौथाई हा तर आपलाच शब्द ना? संस्कृत 'पाद'वरून आलाय, जनावराचे चार पाय, त्यातला एक म्हणजे पाव हिस्सा. हिंदीत पायाला पाँव म्हणतातच. मग आजीचं किंवा लेकीचं म्हणणं चूक कशावरून? नुसता उच्चार जुळला म्हणून पोर्तुगीज म्हणायचं का?

शब्दवेडी
अभंग, शंका अगदी रास्त आहे, उच्चार जुळतात म्हणून शब्द एक होत नाहीत, म्हणून शेजारच्या भाषा बघायच्या. गुजरातीत चौथाईला 'पा' म्हणतात आणि पायाला 'पग', पण ब्रेड मात्र 'पांउ', तोही अनुस्वारासकट, म्हणजे पोर्तुगीजांचा नाकातला आवाज तिथे अजून टिकलाय! बंगालीत चौथाई 'पोया' आणि ब्रेड 'पाउरुटी'. शब्द पायावरून किंवा पावशेरावरून आला असता तर गुजरातीत तो 'पग'सारखा नाहीतर 'पा'सारखा दिसला असता.
आणि मला सगळ्यात आवडतो तो पुरावा म्हणजे आपला लिलाव. पोर्तुगीजमधल्या 'लेइलांव'चा आपण लिलाव केला, पांवचा पाव केला, दोन्हीकडे शेवट अगदी सारखाच वळलाय, नाकातला आवाज गेला आणि 'आव' उरला. चावी, पगार, बटाटा हेही त्यांच्याकडूनच आलेत.
त्यांचा शब्द लॅटिन 'पानिस'वरून, स्पॅनिश 'पान' पण त्यातलाच. पोर्तुगीज 1543 मध्ये जपानला पोचले आणि तिथेही ब्रेडला आजतागायत 'पान'च म्हणतात. आपण रोज बोलतो तो 'कंपनी' शब्दही त्या पानिसमधूनच आलाय, मूळ अर्थ सोबत भाकरी खाणारे, हे कळलं तेव्हा मी दिवसभर भेटेल त्याला सांगत होते.
आजीचं म्हणायचं तर पीठ पायाने तुडवायची पद्धत पूर्वी खरंच बऱ्याच ठिकाणी होती, त्यामुळे त्यांना किळस वाटली तर नवल नाही, फक्त नाव त्यावरून पडलेलं नाही.

मृण्मयी_क
सगळ्यांचे मनापासून आभार! लेकीला लिलावाचं सांगितलं तर ती लगेच म्हणाली मग पाव किलो पाव यात दोन वेगवेगळे पाव आहेत, एक आपला आणि एक त्यांचा.