जडाव, पच्ची की नुसतं 'पट्टी बसवली'?

शिसवीपेटी: मंडळी एक शब्द पायजे. एका गिऱ्हाइकाला शिसवीचं शेरटन पद्धतीचं टेबल करून देतोय, म्हणजे १८ व्या शतकाच्या शेवटचं इंग्रजी वळण, खाली निमुळते होत जाणारे पाय आन कडेनं फिकट लाकडाची बारीक रेघ आत बसवलेली. कोटेशनमध्ये मी 'जडावकाम' लिहिलं तर त्यांच्या आईंचा फोन, "अहो टेबलाला खडे कशाला?" इनलेला आपल्यात काय म्हणतात?

वेसकरीण: बरोबरच बोलल्या की त्या. जडाव, कोंदण हे सराफाचं. लाकडाला पच्चीकाम.

शुद्धमती: पच्ची हिंदीतून आलेली. 'निखातकाम' म्हणा, निखात म्हणजे खणून आत घातलेलं.

जकार्डवाला: ताई, निखातकाम म्हणल्यावर सुतार टेबल टाकून पळंल 😄 आमच्या जकार्ड विणीला कुणी मराठी शब्द शोधत बसलं नाही, चादरी खपल्याच की.

वेसकरीण: हिंदी कशी? पाचू बसवायचे ती पच्ची, आमचे आजोबा सांगायचे.

शुद्धमती: म्हणजे परत खडेच!

करवतकाका: सुतार 'पट्टी बसवली' म्हणतो, संपलं. दीड-दोन मिमीची खाच, पट्टी घट्ट, वर केसभर ठेवायची आन सरस वाळला की स्क्रेपरनं खरवडायची. पॉलिशपेपर मारू नका, शिसवीची काळी भुकटी फिकट लाकडात शिरते, मग रेघ मळकट ती मळकटच. आन सगळ्याला एक शब्द कसा चालंल, खाच पाडून भरलं ते वेगळं, विनियरचे, म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्याचे, तुकडे जुळवून अख्खा पापुद्राच वरून चिकटवला ती मार्केट्री.

बिदरचीमावशी: बिदरीचं काय मग? बिदरला जस्ताच्या भांड्यात चांदीची तार ठोकून बसवतात आन किल्ल्यातली माती लावून भांडं काळं करतात. आमच्याकडं त्याला नुसतं बिदरीच म्हणतात, पच्ची-बिच्ची नाही. म्हैसूरला शिसवीत पूर्वी हस्तिदंत बसवायचे, आता प्लास्टिक.

जकार्डवाला: प्लास्टिकचं निखातकाम, घ्या.

शिसवीपेटी: अहो कोटेशन द्यायचंय! 'पट्टी' लिहिलं तर सनमायकाच्या कडेची समजून भाव पाडतील.

करवतकाका: भाव लाकडावर ठरतो. हेदीची पट्टी घे, पिवळसर, शिसवीत उठून दिसते.

वेसकरीण: हेद म्हणजे हळदूच ना?

शुद्धमती: हळदू हिंदी.

बिदरचीमावशी: झालं सुरू.