मदत हवी आहे: 'शुगरचं झाड', बाबांची साखर 61 आणि पिवळी पडणारी पानं

गॅलरीतली_बाग

नमस्कार मंडळी. प्रश्न अर्धा झाडाचा आहे, अर्धा माणसाचा. बागकामात टाकू की आरोग्यात, ठरेना, म्हणून इथेच टाकते. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माझे सासरे (आम्ही बाबाच म्हणतो) 71 वर्षांचे, मधुमेह 14 वर्षांपासून. मेटफॉर्मिन दोन वेळा आणि सकाळी ग्लिमेपिराइड. गेल्या वर्षी पावसाळ्यात इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवरच्या त्यांच्या कंपूतल्या एका काकांनी 'आफ्रिकेतलं शुगरचं झाड' म्हणून वीतभर काडी दिली. बाबांनी ती रंगाच्या जुन्या बादलीत खोचली. मला वाटलं, जाईल मरून. कसलं काय! आज ती गॅलरीच्या कठड्याच्या वर गेली आहे, खाली बुंधा चांगला लाकडी झालाय. पानं हातभर नाहीत, पण वीतभर आहेत, खरखरीत, कडांना बारीक दाते. पान चुरडलं की नुसत्या वासानं तोंड कडू होतं.

दिवाळीपासून बाबा रोज सकाळी उपाशीपोटी तीन पानं चावून खातात. संक्रांतीच्या आदल्या दिवशी अकराच्या सुमारास झोपाळ्यावर बसून शर्टाचं बटण लावत होते. एकच बटण, पाच मिनिटं. मी 'बाबा, काय झालं?' विचारलं तर माझ्याकडे बघून नुसते हसले. हात लावला तर अंग घामानं भिजलेलं, तेही जानेवारीत. मीटरवर साखर 61. वर्षभर ज्या माणसापासून गोडाचे डबे लपवते, त्याच्या तोंडात मी स्वतःच्या हातानं तिळाच्या दोन वड्या कोंबल्या. अर्ध्या तासानं माणसात आले.

आता प्रश्न:
हे झाड नक्की कोणतं? नर्सरीत 'इन्सुलिन' म्हणून मिळतं तेच का?
साखर या पानांनी उतरली असेल का? डॉक्टरांना पानांचं सांगितलेलं नाही. बाबा म्हणतात, 'ओरडा कोण खाणार?'
आणि झाडाचं: थंडी पडल्यापासून खालची पानं पिवळी होऊन गळताहेत, शेंड्यांवर कापसासारखं पांढरं काहीतरी आलंय. रोज तांब्याभर पाणी घालतो.

—

दोनचाकी_नाशिककर

आमच्या मामांनी असली पानं खाऊन गोळ्या कधीच सोडल्या, ठणठणीत आहेत. निसर्गात सगळं आहे. गोळ्याच बंद करा, प्रश्न मिटला.

—

फार्मसीवाली

वरचा सल्ला कृपया कुणी मनावर घेऊ नका. ताई, गोळ्या परस्पर बंद करायच्या नाहीत. पण पानं मात्र आजपासून बंद, आणि उद्याच डॉक्टरांना फोन.

70 च्या खाली गेलेली साखर म्हणजे कमीच. नुसत्या मेटफॉर्मिननं सहसा असं होत नाही, पण ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, पोटात अन्न असो वा नसो. त्यात साखर उतरवणारं आणखी काही पडलं की दोघं मिळून खाली खेचतात. या पानांनी उंदरांची साखर उतरल्याचे प्रयोग बरेच झालेत. माणसांवर नीट झालेलं काम फार थोडं आहे. त्यामुळे 'तीन पानं म्हणजे किती गोळी' याचं कोष्टक कुणाकडेच नाही. एका झाडाचं पान दुसऱ्यासारखं नसतं, कोवळं जून पानासारखं नसतं.

एक विचारते, रागावू नका: गोळी आणि नाश्ता यांत किती वेळ जातो?

आणि पुढच्या वेळी तिळाची वडी नको. तिळातल्या तेलामुळे साखर रक्तात सावकाश पोचते. तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात ढवळून द्या, नाहीतर ग्लुकोजची पूड. पंधरा मिनिटांनी परत मोजा, अजून कमी असेल तर पुन्हा द्या, मग पोळी-भाजी. गिळता येत नसेल, शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालू नका, सरळ दवाखाना गाठा. ग्लिमेपिराइडवाल्यांची साखर वर येऊन काही तासांनीही परत उतरू शकते, म्हणून त्या दिवशी माणसाला एकटं सोडायचं नाही.

—

लागोस_ते_लासलगाव

ताई, तुमच्या वर्णनावरून हे बिटर लीफ, म्हणजे व्हर्नोनिया अमिग्डालिना. (हल्ली शास्त्रज्ञ त्याला जिम्नँथेमम म्हणतात.) नर्सरीतलं 'इन्सुलिन' वेगळं. त्याची पानं गुळगुळीत, मांसल, खोडाभोवती गोल जिन्यासारखी चढत जातात, फूल नारिंगी आणि पान आंबटसर लागतं. लाकडी बुंधा, खरखरीत पान आणि जहर कडू चव असेल तर ते नव्हे.

मी नायजेरियात सहा वर्षं काढली. तिथं योरुबा लोक याला एवुरो म्हणतात, इग्बो लोक ओनुग्बू. आणि तिथं ही आधी भाजी आहे, औषध नंतर! आपण कारल्याला मीठ लावून पिळतो ना, तसं. फक्त कारलं यापुढे गुलाबजाम. बाया पानं मोठ्या घमेल्यात कपडे धुतल्यासारखी चोळतात, हिरवा फेस येतो, पाणी ओततात, परत चोळतात. बाजारात अशी धुऊन पिळलेली पानं गोळे करून विकायला असतात. मग त्याचं दाट कालवण. शेजारच्या कॅमेरूनमध्ये हीच पानं शेंगदाणे वाटून शिजवतात, त्याला न्डोले म्हणतात, त्यांची अगदी मानाची डिश. शेंगदाण्याच्या कुटावर वाढलेल्या आपल्या लोकांना ती कळेल.

सांगायचा मुद्दा हा की तिथं रोज जेवणारा माणूससुद्धा हे तीन-तीन पाण्यांतून काढून खातो. कच्चं, उपाशीपोटी, वर गोळी, हा प्रकार आपल्या व्हॉट्सअ‍ॅपचा.

जाता जाता: कुणाला तिकडून काडी आणायचा मोह झाला तर आवरा. परदेशातून रोप-काडी आणायला आधी परवाना आणि तिथला रोगमुक्तीचा दाखला लागतो. मी नाही आणली. परतल्यावर मला ती इथेच, शेजाऱ्याच्या कुंपणाला सापडली.

—

बोटॅनिकल_बंडू

लागोसदादा म्हणतात तेच. सूर्यफुलाच्या कुळातलं झुडूप. आपल्या बांधावरची सहदेवी आणि जंतावर देतात ती काळी जिरी, हे त्याचे इकडचे भाऊबंद.

जंतांवरून आठवलं. टांझानियातल्या महाले डोंगरात 1987 साली मायकेल हफमन आणि मोहमेदी सैफू यांनी एक आजारी चिंपांझी मादी पाहिली, तिचं नाव चौसिकू. पोट बिघडलेलं, मरगळलेली. तिनं या झुडपाची कोवळी फांदी मोडली, पानं टाकली, साल सोलली आणि आतला गाभा चावून नुसता रस चोखला. दुसऱ्या दिवशी तरतरीत. तिथले टोंग्वे लोकही हे झाड पोटाच्या तक्रारींवर वापरतात. प्राणी स्वतःवर औषधोपचार करतात का, या अभ्यासात ही नोंद नेहमी सांगितली जाते.

पण बघा, चौसिकूनं पानं टाकून दिली. पानांत आणि सालीत व्हर्नोडालिन नावाचं कडू द्रव्य भरपूर असतं आणि ते जास्त झालं तर विषारी. शिवाय तिनं ते आजारी पडल्यावर चोखलं, दिवाळीपासून रोज सकाळी नव्हे.

—

काडीवाला_दिंडोरी

माणसाचं जाणकारांनी सांगितलं, मी झाडाचं सांगतो. द्राक्षबाग आहे, काडी-डोळा-छाटणी यातच जन्म गेला.

पहिलं, बादलीला खाली भोकं पाडलीत का? आणि माती काळी असणार. काळी माती बादलीत चिकटून बसते. उन्हाळ्यात तडकते, थंडीत दिवसचे दिवस वाळत नाही. त्यात रोज तांब्याभर! मुळं गुदमरली की खालची पानं आधी पिवळी पडतात. बोट दोन पेरं खुपसून बघा, ओल लागली तर पाणी नाही. सध्या आठवड्यातून दोनदा पुष्कळ. शिवाय हे गरम मुलखातलं झाड, निफाडचा पारा उतरतो तेव्हा नाशिकलाही ते थांबतंच. थोडी पानं गाळेल, घाबरू नका.

शेंड्यावरचं पांढरं बोटानं चोळून बघा. चिकट लागलं आणि फांदीवर मुंग्यांची रांग असेल तर मिलीबग (पिठ्या ढेकूण), आम्हा द्राक्षवाल्यांची जुनी दुश्मन. फुंकर मारल्यावर सहदेवीच्या म्हातारीसारखं उडालं तर फूल होऊन गेलंय, सोडून द्या. मिलीबग असेल तर विषारी फवारणी अजिबात नको, पान कुणीतरी तोंडात घालणार आहे. साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या जुन्या टूथब्रशनं खरवडा, फार भरलेला शेंडा कापून पिशवीत बांधून टाका, आणि मुंग्यांचा बंदोबस्त करा. मुंग्या तिला पाळतात. मुंग्या राहिल्या तर ती परत येणार.

थंडी सरली की फेब्रुवारीच्या शेवटी गुडघ्याएवढं ठेवून छाटा. बिचकू नका, आमच्या खरड छाटणीसारखंच, खालून जोमानं फुटतं. नवी रोपं करायची तर काड्या पेन्सिलीएवढ्या जाड घ्या, वीतभर, दोन डोळे मातीत, दोन वर. पण कापायच्या नि लावायच्या पावसाच्या तोंडावर.

—

गॅलरीतली_बाग

सगळ्यांचे मनापासून आभार. पाच दिवसांनी लिहितेय.

फार्मसीवाली ताई, तुमचा प्रश्न बरोबर जागी लागला. बाबांना विचारलं तर कळलं, पानांचा कडूपणा घालवायला त्यांना पाणी लागायचं, आणि पाणी पितोच आहोत तर गोळीही त्याच घोटाबरोबर, साडेसहाला! मग ट्रॅक, मग कंपूचा चहा बिनसाखरेचा, आणि पोहे घरी येऊन दहानंतर. दिवाळीआधी गोळी नाश्त्यासोबत असायची. म्हणजे पानांनी नुसती साखर उतरवली असेल-नसेल, गोळीची वेळ मात्र त्यांनीच हलवली.

डॉक्टर ओरडले नाहीत. म्हणाले, पान की रिकामं पोट, हे आता मागे जाऊन सांगता येणार नाही. पानं बंद, गोळी पोह्यांच्या ताटलीशेजारी, पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ साखर लिहून आणा. आणि 'झाड घरात ठेवायला माझी हरकत नाही.' हे वाक्य बाबांनी घरी आल्यावर चार वेळा सांगितलं.

बादलीला भोक नव्हतं. एकही. मिलीबग निघाली, टूथब्रश बाबांनीच हातात घेतलाय, आता रोजचा उद्योग झाला.

रविवारी आम्ही दोघांनी भाजी करून पाहिली, चार पाण्यांतून पिळून, कूट घालून. बाबांना दिली नाही, त्यांनी नुसती कढईत डोकावून पाहिली आणि म्हणाले, 'यापेक्षा माझी कच्ची बरी होती.' खरं सांगायचं तर वाईट नव्हती. पाचवं पाणी हवं होतं.

दिंडोरीकर दादा, एक राहिलं: बादली आत्ताच बदलू की छाटणीबरोबर?

—

काडीवाला_दिंडोरी

छाटणीबरोबर. आज फक्त बादली आडवी करून खिळा तापवा आणि पाच-सहा भोकं पाडा.