क्रीडांगणाचं आरक्षण पडलेल्या जागेत घर बांधता येईल का? (मदत हवी आहे)

सांगली जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेच्या हद्दीत वडिलांच्या नावावर ११ गुंठे जागा आहे. वडील गेले, सातबाऱ्यावर वारसनोंद अजून राहिलीय. दोघा भावांना घर बांधायचं म्हणून झोन दाखला (शहराच्या विकास आराखड्यात जागा कशासाठी दाखवलीय ते सांगणारा) काढला, तर त्यात ‘अंशतः रहिवास, अंशतः क्रीडांगण, अंशतः रस्ता’ असं आलं. अंशतः म्हणजे किती, ते कुठंच नाही. आराखडा २००४ चा आहे, पण जागा ताब्यात घेण्याबद्दल आजवर एक कागद आलेला नाही. आम्ही तिथं शाळू पेरतो. आता फेरआराखड्याचं प्रारूप प्रसिद्ध झालंय. त्यात आरक्षण तसंच ठेवलंय, वर ९ मीटरचा रस्ता १२ मीटर दाखवलाय. ओळखीचे एजंट म्हणतात, दहा वर्षं झाली की आरक्षण आपोआप उठतं, हरकतीच्या भानगडीत पडू नका. हे खरं आहे का? हरकतीची मुदत संपत आलीय.

माजी आरेखक:
आपोआप काहीही उठत नाही. एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे, अंतिम आराखडा अमलात येऊन १० वर्षं झाली की मालक नगरपरिषदेला नोटीस देऊ शकतो. नोटीस मिळाल्यापासून २४ महिन्यांत जागा घेतली नाही किंवा संपादनाची पावलंही उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे उठतं. (पूर्वी ही मुदत १२ महिने होती, २०१५ ला वाढवली.) मग शेजारच्या जमिनीला जो वापर चालतो तो तुम्हाला मिळतो, आणि शासनाचा तसा आदेश राजपत्रात यावा लागतो.

नोटिशीसोबत मालकीची कागदपत्रं लागतात. तुमची गाडी इथंच अडणार. आधी तलाठ्याकडे वारसाचा अर्ज द्या आणि फेरफार मंजूर करून घ्या. वडिलांच्या नावाचा उतारा जोडून नोटीस दिलीत, तर समोरच्याला आयती पळवाट मिळेल.

हरकत मात्र आत्ताच द्या, वारसनोंदीसाठी थांबू नका. ती कलम २६ खाली, नोटीस १२७ खाली. एक दिली म्हणून दुसरी दिली असं होत नाही. आणि हरकत घेऊ नका असं सांगणारा एजंट पुढं स्वस्तात जागा मागायला येतो का, तेवढं बघा.

शेजारच्या वॉर्डातली:
राग मानू नका, पण आमच्या भागात पोरं रस्त्यावर क्रिकेट खेळतात. सगळीच आरक्षणं उठली तर मैदान कुठं करायचं?

धागाकर्ता:
ताई, मैदानाला विरोध नाही. पैसे देऊन जागा घ्या, एवढंच म्हणणं आहे. वीस वर्षं ना घेतली, ना सोडली.

माजी आरेखक:
दोघांचंही बरोबर आहे. गेल्या वर्षी, २०२५ च्या फेब्रुवारीत, सुप्रीम कोर्टानं ३३ वर्षं अडकवून ठेवलेल्या अशाच एका जागेबद्दल मालकाच्या बाजूनं निकाल दिला. पालिका पैशांऐवजी टीडीआर (दुसरीकडं वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) देऊ करेल, पण लहान गावात तो विकत घेणारं गिऱ्हाईक आधी शोधा, मगच सही करा.

‘अंशतः’चं कोडं असं सोडवा: पालिकेतून भाग नकाशा (आराखड्यातला तुमच्या जागेपुरता तुकडा) घ्या, भूमी अभिलेखकडून मोजणी नकाशाची ‘क’ प्रत घ्या आणि दोन्ही एका प्रमाणात आणून एकावर एक ठेवून बघा. आरक्षणाची रेघ कधीकधी बांधाच्या पलीकडं, दुसऱ्याच गटात पडलेली असते. तसं निघालं तर हरकतीत फक्त ‘अन्याय झाला’ असं न लिहिता, गट नंबर टाकून किती चौरस मीटर कुठं जातंय ते लिहा आणि नकाशा जोडा. नियोजन समितीसमोर सुनावणीला बोलावतील. तिथं भावनेपेक्षा नकाशा चालतो. समितीचं मत म्हणजे शेवट नव्हे, मंजुरी शासन देतं.

धागाकर्ता:
हरकत मेलवर पाठवली तर चालेल?

माजी आरेखक:
प्रारूपाच्या जाहीर नोटिशीत पत्ता आणि पद्धत छापलेली असते, तसंच करा. मेल पाठवलात तरी एक प्रत आवक-जावकला द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का नि आवक क्रमांक घ्या.