नोकरी लावून देणाऱ्यांचे अनुभव सांगा (जळगाव-धुळे-नंदुरबार ते थेट समुद्र)

मेहरूणची बोरं

लेकीचं बी.कॉम. मागच्या उन्हाळ्यात झालं. तेव्हापासून जळगावात तीन प्लेसमेंटवाल्यांचे जिने चढून झाले. पहिल्याने नोंदणीचे ५०० घेतले आणि "फोन येईल" म्हणाला. दुसऱ्याने सही घेतली, की नोकरी लागली तर पहिला निम्मा पगार त्याचा. तिसरीकडे काउंटरवर एक भली बाई होती. तिने आधी पाणी दिलं, मग सांगितलं, "ताई, टॅली येणारी पंधरा पोरं आधीच यादीत बसलीत." घरी सासूबाईंचं एकच, "सुरतले धाडी दे." आपल्याकडे कुठल्याही दुखण्यावर हेच औषध.

म्हणून विचारते आहे. ऑफिसचं, माणसाचं नाव लिहू नका. स्वतःचंही माझ्यासारखं टोपणनाव चालेल. पैसे किती गेले, कुणाच्या खिशात गेले आणि काम मिळालं का, एवढं लिहा.

उधना पॅसेंजर

ताई, १९९८ साली मला एजन्सी माहीत नव्हती. मामा होता. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहिणीकडे, म्हणजे माझ्या आईकडे जेवायला आला. मी ओट्यावर बसलेला दिसलो. म्हणाला, "चाल सुरतले. आठे काय शे?" कापसाचे पैसे सावकारातच जिरले होते, तेव्हा खरंच काही नव्हतं. अमळनेरला पॅसेंजरमध्ये बसलो. नवापूरला मामाने दाखवलं, हे अर्धं स्टेशन महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. मला फरक कळला नाही, दोन्हीकडे अहिराणीच ऐकू येत होती.

सुरतेत लिंबायतला एका खोलीत आठ जण. दिवसपाळीवाले रात्री झोपायचे, रातपाळीवाले दिवसा, गाद्या त्याच. दीड महिना संच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर, बिनपगारी शिकलो, मग विणलेल्या मीटरवर पैसे. मामाने माझ्याकडून एक रुपया घेतला नाही. पण पुढची नऊ वर्षं मी मामाच्या शेठचं खातं (मागांचा कारखाना) सोडू शकलो नाही. शेजारच्या गल्लीत मीटरला जास्त भाव होता. गेलो असतो तर मामाची जबान गेली असती. आता हिशेब करतो तेव्हा वाटतं, पाच-दहा हजार घेऊन मोकळं करणारा एजंट स्वस्त पडला असता.

एका सुट्टीला डुमसला गेलो. काळी वाळू. कुणीतरी म्हणालं, तापी इथून जवळच समुद्राला मिळते. आमच्या गावाखालून जाते तीच. मनात आलं, हीसुद्धा कुणा मामाच्या ओळखीनेच इथवर आली असणार.

आता सुरतेतच दिंडोलीत स्वतःचं घर आहे. गावची सहा पोरं मी लावली. आता मीच मामा.

फिटर, फैजपूरकडचा

वरच्या भाऊंना रामराम. मी त्याच सुरतेत, पण पार समुद्राच्या टोकाला, हजिऱ्याकडे. कंपनी मोठी, पण आमची नाही. आम्ही ठेकेदाराचे. गावातून नेणारा सुपरवायझर यावल तालुक्यातलाच, आमच्या मावशीच्या गावचा. आयटीआय झाल्याबरोबर आम्हा अकरा जणांना घेऊन गेला. मेडिकल झालं, सेफ्टीचं ट्रेनिंग झालं, गेटपास गळ्यात आला. पहिल्या पंधरा दिवसांचा पगार "दाबून" ठेवायचे, म्हणजे माणूस पळत नाही.

शटडाऊनचं, म्हणजे प्लांट बंद ठेवून दुरुस्तीचं, काम असलं की दिवस-रात्र हाणायचं. चाळीसेक दिवसांत प्लांट परत चालू, की आम्ही मोकळे. मग दुसरा ठेकेदार, दुसरा गेटपास, सुपरवायझर तोच. पाच वर्षांत चार मालक बदलले, जागा तीच, हेल्मेटही बहुतेक तेच.

स्लिपवर १२ टक्के पीएफ आणि पाऊण टक्का ईएसआयसी (कामगार विमा) कापलेलं दिसायचं. लग्नासाठी पैसे काढायला गेलो तेव्हा पासबुकात सात महिने कोरे. सुपरवायझरला फोन केला तर म्हणे, "भाऊ, घरचा माणूस असून तक्रार करशील?" केली. पीएफच्या तक्रार पोर्टलवर स्लिपांचे फोटो टाकले. पाच महिन्यांनी पैसे दिसले. मावशी मात्र अजून बोलत नाही.

एक काम सगळ्यांनी करा. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, एकच ठेवा. नवा ठेकेदार नवा नंबर काढायला बघतो, काढू देऊ नका. माझे दोन झाले होते आणि एकात वडिलांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं. ते जुळवता जुळवता लग्न होऊन गेलं.

तिसरा मजला

चार वर्षं मी अशाच एका ऑफिसात काउंटरला होते, म्हणून आतल्या बाजूचं सांगते. चिडू नका.

पुण्या-मुंबईत माणूस लावला की पैसे कंपनी देते. वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एक महिन्याचा पगार, ही चालती पद्धत. माणूस तीन महिन्यांत पळाला तर बदली माणूस फुकट द्यायचा. आपल्या एमआयडीसीत हे चालत नाही. इथले कारखाने चटईचे, पाइपचे, डाळीचे. शेठ म्हणतो, माझ्या गेटवर रोज सकाळी पोरं उभी असतात, तुला कशाचे पैसे देऊ? घ्यायचे तर त्यांच्याकडून घे. झालं. गिऱ्हाईक बदललं. ज्याला नोकरी हवी तोच गिऱ्हाईक. मग नोकरी लागली काय, न लागली काय, नोंदणी मोजायची. जूनमध्ये निकाल लागले की आमचा सीझन. दिवसाला तीस-चाळीस फॉर्म भरले जायचे आणि हातात खऱ्या जागा चार.

मी स्वतः लटक्या मुलाखती लावल्या आहेत. ओळखीच्या कारखान्याच्या ऑफिसात पोरांना बसवायचं, कुणीतरी दोन प्रश्न विचारायचा, "कळवतो" म्हणायचा. पोरं शर्टाला इस्त्री करून यायची हो. पाचोऱ्याहून, चाळीसगावाहून, पहाटेची गाडी धरून.

दुसरा धंदा मनुष्यबळ पुरवठ्याचा. त्यात पगार, पीएफ, ईएसआयसी आणि वर सर्व्हिस चार्ज असं बिल लावतात, त्यावर १८ टक्के जीएसटी. टेंडर मिळवायला सर्व्हिस चार्ज टक्का-दीड टक्का लिहिणारे मी पाहिले. त्यात ऑफिसचं भाडंसुद्धा निघत नाही. मग कुठून निघतं, ते फैजपूरच्या भाऊंनी वर लिहिलंच आहे.

मुलींसाठी काम शोधणं तर वेगळीच कसरत. बापाची अट, सहाच्या आत घरी. शिफ्ट सुटणार साडेसहाला. रिक्षाचे पैसे धरले तर पगारातून साडीसुद्धा होत नाही. अशा कितीतरी हुशार पोरींचे फॉर्म माझ्या फायलीतच पिवळे पडले.

सातपुड्यातली शाळा

मी शिक्षक. आमच्याकडे ना ऑफिस, ना फॉर्म. मुकादम येतो. दिवाळीआधी उचल देतो, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतो आणि माणसं दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात. वर्गात पंचेचाळीस नावं, नोव्हेंबरात समोर सतरा पोरं. मधल्या काळात पोटाला जुवार मुकादमच देतो, तीही नावावर लिहून. होळीला गावी येतात, काठी गावच्या होळीला नाचतात आणि पुन्हा फडावर. शेवटी हिशेबात उचल फिटत नाही, मग पुढच्या वर्षीची बोली तिथेच ठरते.

मुकादम पाड्यातलाच असतो. त्याच्या दोन्ही मुली माझ्याच वर्गात आहेत आणि त्या वर्षभर हजर असतात.

झेडपीतला, नाव नको

कंत्राटी भरतीचा ६ सप्टेंबर २०२३ चा जीआर आठवतोय ना? नऊ खासगी संस्थांमार्फत माणसं घ्यायची तो? ऑक्टोबरात रद्द झाला, तेव्हा मित्रांनी पेढे मागितले. आम्ही ऑपरेटर त्याच्या आधीपासून संस्थेमार्फतच आहोत, अजून आहोत. पेढे दिले नाहीत.

केळीबाग, रावेर

माझ्या भावाने समुद्र पाहिला नव्हता. बारावीनंतर मर्चंट नेव्हीचं खूळ डोक्यात बसलं. सांगणारा शेजारच्या गावचा, भाऊकीत सोयरिक असलेला, गळ्यात चेन, हातात दोन मोबाइल. साडेतीन लाख मागितले. वडिलांनी केळीचे आलेले पैसे पिशवीतून तसेच उचलून दिले. पावती मागायची मला आठवण झाली होती, पण आईने डोळे मोठे केले. घरच्या माणसाला पावती मागतात का?

नवी मुंबईत पाच आठवडे एका खोलीत. मग आखातातल्या एका बंदराच्या गावी, तेही पर्यटकाच्या व्हिसावर. जहाज "उद्या" लागणार होतं. महिन्याने तो परत आला. समुद्र खिडकीतून पाहिला म्हणाला.

हे सगळं झाल्यावर मला कळलं, की खलाशी भरणाऱ्या एजन्सीला डीजी शिपिंगचा, म्हणजे सरकारच्या जहाजवाहतूक खात्याचा, आरपीएसएल परवाना लागतो, यादी त्यांच्या साइटवर असते, आणि नोकरी देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घेता येतच नाहीत. म्हणजे साडेतीन लाख हा आकडा ऐकला तिथेच उठायला हवं होतं.

पोलिसांत गेलो नाही. भाऊकी. प्रत्येक लग्नात तो भेटतो, वडील त्याला मांडवाच्या कडेला घेतात आणि तो दहा-पंधरा हजार काढतो. आतापर्यंत १ लाख ९० हजार वसूल झाले. यंदा लग्नतिथी बऱ्याच आहेत.

वरणगावचा, सध्या आखातात

सगळे रडतायत म्हणून एक बरं सांगतो. मी नववी पास, त्यामुळे ईसीआर पासपोर्ट, म्हणजे कामासाठी आखातात जायला आधी सरकारी मंजुरी लागते तो. २०१६ ला मुंबईत ट्रेड टेस्ट दिली. एजंट ओळखीचा नव्हता, हे फार बरं झालं. इमायग्रेट या सरकारी साइटवर त्याचा नोंदणी नंबर तपासला. कायद्याने ठरलेली फी आणि वर कर, तेवढंच घेतलं, पावती दिली. बरोबरच्यांनी दुसरीकडे लाख-सव्वा लाख भरले होते, त्यांना दिलं ते काम मलाही दिलं. अनोळखी माणसाशी भांडता येतं.

मेहरूणची बोरं

सगळ्यांचं सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. अमळनेरच्या मामाचं ऐकून गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "आपला तर तठे मामा बी नही."

लेकीची सोमवारी एका डाळ मिलमध्ये हिशेबाच्या कामासाठी मुलाखत आहे. गेटवर जाऊन स्वतःच अर्ज देऊन आली होती. वेळ नऊ ते सहा. परतीच्या रिक्षाचं बघावं लागेल.

तिसरा मजला, एक विचारते. मला पाणी देणारी ती तूच का गं?

तिसरा मजला

नाही ताई, मी २०२२ लाच सोडलं. ती माझ्यानंतरची असेल. पण आधी पाणी द्यायचं, हे मीच तिथे सुरू केलं होतं. तांब्या अजून तोच आहे का?