अश्वगंधा कधी उपटावी? आणि पाल्याचं काय करायचं?

नमस्कार मंडळी. बुलढाणा जिल्ह्यात शेती आहे, जमीन हलकी, मुरमाड. पोळ्यानंतर एक एकर अश्वगंधा पेरली, वाण पोषिता. आता संक्रांत झाली. खालची पानं पिवळी पडून गळताहेत, निम्मी फळं लाल झालीत, शेंड्याला मात्र अजून फुलं आहेत.

माल बघायला आलेला व्यापारी म्हणतो, आत्ताच उपटा आणि पाल्यासकट वाळवून द्या, "पाल्यात सत्त्व जास्त, रिपोर्ट झकास येतो." शेजारचे काका म्हणतात, झाड पार वाळू दे, मुळी जाड होईल, वजन भरेल. कोणाचं ऐकू? आणि विथानोलाइड (अश्वगंधेतलं औषधी सत्त्व) पानात जास्त असेल तर भाव मुळीलाच का?

प्रतिसाद १
दादा, पानात एकूण विथानोलाइड बहुधा जास्तच भरतं, व्यापारी तेवढं खोटं बोलत नाही. पण त्यातला मोठा वाटा विथाफेरिन-ए चा. ते पेशींना मारक आहे, कर्करोगाच्या संशोधनात त्यावर काम चालतं ते त्यामुळेच. मुळीत त्याचं प्रमाण कमी आणि विथानोलाइड-ए त्या मानाने जास्त. म्हणजे रिपोर्टवर 'एकूण' आकडा सारखा दिसला तरी माल सारखा नसतो. शिवाय परंपरेने औषधात मुख्यतः मुळी घेतात, आणि आयुष मंत्रालयाने 2021 मध्ये उत्पादकांना पानं वापरू नका असं कळवलंय. एचपीएलसी चाचणीत (प्रयोगशाळेत मालातले घटक वेगळे करून मोजतात ती) विथाफेरिन-ए फार वर गेलं की पाल्याच्या भेसळीचा संशय येतोच. माल परत आला तर तो व्यापारी स्वतःच्या अंगावर घेईल असं वाटतं का तुम्हाला?

प्रतिसाद २
काकांचंही पूर्ण ऐकू नका. पीक साधारण 150 ते 180 दिवसांत निघतं, बहुतेक फळं लाल आणि पानं सुकायला लागली की. त्यापुढे ठेवलं की मुळी लाकडासारखी होते, रेषा (तंतू) वाढतात, आतलं पिठूळपण जातं. वावरात चार ठिकाणची झाडं उपटा, माती पुसून मुळी मोडा. कटकन मोडून आत पांढरं, पिठाळ दिसलं तर लगेच काढायला घ्या. चिवट निघून रेषा लोंबल्या तर उशीर झालाय. मंडीतही मुळी अशीच मोडून बघतात. आणि बियाण्यासाठी लाल फळं आधी वेचून घ्या, नंतर ती सापडत नाहीत.

धागाकर्ता
आत्ता मोडून बघितली, मधल्या पट्ट्यात छान पिठाळ आहे, बांधाकडची अजून बारीक. पाला वेगळाच काढतो. जमीन कडक झालीय, ओढलं की मुळीचं टोक आतच राहतं. हलकं पाणी दिलं तर चालेल का?

प्रतिसाद २
द्या की. वाफसा आला की उपटा. खोडापासून मुळी छाटा, धुऊन 7 ते 10 सेंमीचे तुकडे करा आणि पसरून वाळवा. ढीग घालून ठेवू नका, बुरशी धरते. जाड-बारीक प्रत आत्ताच वेगळी करा, मिसळलेल्या मालाला बारक्याचाच भाव मिळतो. बांधाकडची आठवडाभर राहू द्या.